रोकडेभाऊंचं ‘आत्तापुरतं’

रोकडेभाऊंनी रिपोर्ट हातात दिला की पेशंटचा नातेवाईक हमखास विचारायचा, "नॉर्मल आहे ना?" आणि भाऊ चष्म्यावरून बघत हमखास एकच उत्तर द्यायचे, "आत्तापुरतं." मग ते हिमोग्लोबिन असो, साखर असो नाहीतर मलेरियाची काच. नव्या डॉक्टरांना याचं हसू यायचं. एकदा एका गरोदर बाईचा रिपोर्ट त्यांनी "आत्तापुरता चांगला आहे" म्हणून सांगितला, तर तिची सासू घाबरून देवाला नारळ बोलली. मी भाऊंवर चिडले. म्हटलं, "भाऊ, माणसाला थोडा धीर द्यावा." ते म्हणाले, "देतो ना सिस्टर. पन नळीत असेल तेवढाच."

भाऊ जाऊन आता वर्ष होत आलं. शहापूर तालुक्यातल्या एका ट्रस्टच्या तीस खाटांच्या रुग्णालयात मी परिचारिका होते आणि ते लॅबचे टेक्निशियन. सोळा वर्षं आम्ही एकाच व्हरांड्याच्या दोन टोकांना काम केलं. त्यांचं गाव मुरबाडकडचं, धसईच्या पुढची एक वाडी. बाबासाहेबांच्या मागून धम्मात आलेल्या घरातले, आणि त्या घरात दहावी पास झालेले पहिलेच. बुटके, रुंद हाडाचे, शर्टाची गळ्याची गुंडी भर उन्हाळ्यातही लावलेली. एवढ्या दणकट माणसाचे हात मात्र बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईसारखे हलके होते.

रक्त काढावं तर त्यांनीच. आम्ही दोघीतिघी हरलो की वॉर्डातून निरोप जायचा. भाऊ यायचे, खाटेच्या कडेला बसायचे, रबराची पट्टी बांधून चक्क गप्प राहायचे. पेशंटचा हात मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसायचे. मी एकदा घाई केली तर म्हणाले, "नस आनि मांजर, हाका मारून येत नाय. आपन गप बसायचं. आपोआप येते." आणि यायची.

काम नसलं की लॅबच्या पायरीवर बसून वाल सोलायचे. घरून भिजवलेले वाल डब्यात आणलेले असायचे. एकेका दाण्याचं साल अंगठ्यानं असं काढायचे की डाळिंबी मोडायची नाही. संध्याकाळी डबा तसाच वहिनींकडे परत. "बाईमानसाची बोटं भाजतात चुलीवर," ते सांगायचे, "माझी काय, मोकळीच आहेत."

खाटेचा नंबर सांगितलेला त्यांना चालायचा नाही. "सात नंबरचं रक्त पाठवतेय," असं मी म्हटलं की पलीकडून, "सात नंबरच्या खाटेला रक्त नसतं, सिस्टर. नाव सांगा." मग नाव, गाव, पाडा. नळीवर ते बारीक अक्षरात सगळं लिहायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या दारात उभे राहून त्या नावानं विचारायचे, "आहेत का?"

त्यांना विचारायचं असायचं ते विशेषकरून एका तपासणीच्या पेशंटबद्दल. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातलं ट्रोपोनिन नावाचं एक द्रव्य रक्तात उतरतं. धडधाकट माणसाच्या रक्तात ते जवळपास नसतंच. छातीत दुखतं म्हणून आलेल्या माणसाला झटका आहे की नाही, हे त्यावरून कळतं. आमच्याकडे आधी त्याची छोटी कार्डं होती. रक्ताचे थेंब टाकायचे, एक रेघ आली तर ठीक, दोन आल्या तर धावपळ. पुढे ट्रस्टला कुणीतरी यंत्र दिलं आणि रेघेच्या जागी आकडा यायला लागला. सगळ्यांना आनंद झाला. भाऊंना नाही झाला. म्हणाले, "रेघेला जरा लाज होती. फिकी यायची, संशय ठेवायची. आकडा तोंडावर बोलतो."

रेघ असो की आकडा, तो वाढलेला आला की ते 'पॉझिटिव्ह' म्हणत नसत. दारात येऊन हळूच म्हणायचे, "सिस्टर, काळीज पाझरायला लागलंय." नवं मडकं पाझरतं तसं.

त्यांनी एक गोष्ट हेरली होती. कुठल्याही पुस्तकातून नाही, नुसतं सकाळी दारात उभं राहून विचारत गेल्यामुळे. छातीत दुखणाऱ्यांचंच नव्हे, तापानं, न्युमोनियानं, किडनीच्या आजारानं आलेल्यांचंही काळीज कधीकधी पाझरत असतं, आणि ज्यांचं पाझरतं ती माणसं बऱ्याचदा घरी जात नाहीत. मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांना हे माहीत होतं, असं मला पुढे कळलं. भाऊंना ते कुणी सांगितलं नव्हतं.

हे मला पहिल्यांदा हिरूबाईंच्या वेळी दिसलं. डोळखांबच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची साठीची ठाकर बाई. न्युमोनिया. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, उठून बसली, माझ्याकडून फणी मागून घेऊन केस विंचरले. म्हणाली, "गो पोरी, तुजी सुई डासापरीस बरी. डास गानं तरी म्हनतो, ही गुपचूप चावते." सगळा वॉर्ड हसला. आमचे डॉक्टर तेव्हा नवीनच लागले होते. ते तिचा सुट्टीचा कागद लिहायला बसले. तेवढ्यात भाऊ आले. तिच्या सकाळच्या उरलेल्या रक्तावर त्यांनी कुणी न सांगता ट्रोपोनिन केलं होतं.

"न्युमोनियाच्या पेशंटला हे कशाला?" डॉक्टर चिडले. "तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कुनी नाय सांगितलं, सर."

"मग?"

"खोकल्यानं आलेली मानसं पन काळजानं जातात, सर. मी बघितलंय."

डॉक्टरांनी आकडा बघितला, कागद बाजूला ठेवला आणि तिचा कार्डिओग्राम काढला. त्यात फारसं काही नव्हतं. तरी ते म्हणाले, हिला ठाण्याला हलवलेलं बरं. आमच्याकडे हृदयाचे डॉक्टर नाहीत, अतिदक्षता विभाग नाही. पण बरोबर जाणार कोण? मुलगा आणि सून वीटभट्टीवर गेलेले, पाड्यावर कुणाला निरोप लागेना. भाऊ तिच्या खाटेजवळ बसून तासभर समजावत होते. "आज्ये, गाडी आहे. झोपून जायचं, झोपून यायचं."

"मी नाय जायची," हिरूबाई म्हणाली. "तिथं मेले त मला वळखील कोन?"

"मी येतो बरोबर."

"तू रे कशाला? तुजं बाटल्यांचं दुकान कोन बघील?"

भाऊंनी रजेचा अर्जही लिहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी ठरली. गाडी आली तेव्हा हिरूबाई पेज पीत होती. "थांब, संपवते," म्हणाली. दोन घोट घेतले आणि वाटी हातातच कलंडली. आम्ही करायचं ते सगळं केलं. अर्ध्या तासानं डॉक्टर घामाघूम होऊन उठले. भाऊ दारात उभे होते, खांद्याला पिशवी, पायात बूट घातलेले.

डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो?"

भाऊ म्हणाले, "कळून काय झालं, सर?"

त्यानंतर डॉक्टर गंभीर पेशंटचं ट्रोपोनिन स्वतःहून लिहायला लागले. पूर्वी माणूस गेला की आम्हाला धक्का बसायचा. आता धक्का आधी बसायचा, आणि मग त्या माणसाला चहा द्यायचा, त्याची चादर बदलायची, त्यानं "कधी सोडणार?" म्हणून विचारलं की हसायचं. दुसऱ्या बाजूला भाऊ मात्र जोमात होते. त्यांची ठाम समजूत झाली होती की आपल्याला वेळेत कळतंय, तर आता फक्त वेळेत पोचवायचं. गाडीवाल्याला फोन तेच करायचे, नातेवाइकांशी भांडायचे, शेजाऱ्यांना बोलवायचे. "इथं राहिला तर जाईल, तिथं पोचला तर र्‍हाईल," हे त्यांचं गणित. काही जण पोचले. दोघंतिघं परत आलेही, त्यातले एक मास्तर दरवर्षी नाचणीचे पापड घेऊन यायचे. भाऊ ते पापड न तळता दिवसचे दिवस कपाटात ठेवून द्यायचे.

'आत्तापुरतं' हा शब्द त्यांच्या तोंडी कसा आला, ते मात्र मला सांगायलाच हवं. तो आधीपासून नव्हता.

कसाऱ्याजवळच्या गावातले एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, शेतकरी आणि हायवेवर मुकादमी करणारे. आवणीचे, भातलावणीचे दिवस. छातीत जळजळ होतेय म्हणून बायको जबरदस्तीनं टेम्पोत बसवून घेऊन आली. दुखायला लागून तासही झाला नव्हता. कार्डिओग्राम बरा होता. भाऊंनी रक्त घेतलं, रिपोर्ट साफ आला. पण झटक्यानंतर ट्रोपोनिन रक्तात उतरायला काही तास जातात. म्हणून डॉक्टरांनी कागदावर लिहिलं होतं की थांबवा आणि तीन तासांनी पुन्हा करा. एवढं लिहून ते अडलेल्या बाळंतिणीकडे धावले. मीही त्यांच्याबरोबर आत होते, त्यामुळे पुढचं मला नंतर भाऊंनीच सांगितलं.

ते गृहस्थ लॅबच्या दारात जाऊन उभे राहिले. "भाऊ, काय आलं?"

"नॉर्मल आहे," भाऊ म्हणाले.

"मंग आमी जातो. आवनीला मानसं सांगितलीत, चिखल करून ठेवलाय. ती खोळंबून बसलीत."

"डॉक्टर पुन्यांदा करा बोललेत."

"नॉर्मल आहे ना? मंग पुन्यांदा कशाला?"

भाऊंनी थोडं अडवलं. मग समोर मलेरियाच्या पाच-सहा काचा वाळत होत्या, तापाची पोरं रांगेत होती. त्यांनी मान खाली घातली. बायकोनं जाताजाता दोन्ही हात जोडून म्हटलं, "नॉर्मल बोललात, जीवात जीव आला."

दोन तासांनी त्याच टेम्पोतून ती नवऱ्याला परत घेऊन आली. घाटाच्या अलीकडेच तो मान टाकून बसला होता. काही करण्यासारखं उरलं नव्हतं. ती रडली नाही. व्हरांड्यातून सरळ लॅबकडे गेली. तिच्या मागून मी गेले, मला वाटलं भाऊंच्या अंगावर जाईल. तिनं फक्त विचारलं, "भाऊ, तुमी नॉर्मल बोललात ना?" जरासुद्धा राग नव्हता. जणू तिनंच चुकीचं ऐकलं असावं आणि खात्री करून घ्यायला आली असावी.

भाऊ म्हणाले, "हो ताई. मी बोललो."

ती मान हलवून परत गेली. तेवढंच. चौकशी झाली, डॉक्टरांनी कागद दाखवला, पेशंट न सांगता गेला अशी नोंद झाली. भाऊ मात्र मला म्हणाले, "न सांगता कुठं? मला सांगून गेला." त्या दिवसापासून 'नॉर्मल' हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही.

मग सुशीलावहिनींचं आलं.

वहिनी म्हणजे हसरी, जाडजूड, तोंडाळ बाई. साखरेचा आजार बरीच वर्षं. एका पावसाळ्याच्या शेवटी खोकला झाला, ताप चढला, दम लागायला लागला आणि आमच्याच वॉर्डात खिडकीजवळच्या चार नंबरच्या खाटेवर त्या आल्या. छातीत दुखणं वगैरे काही नव्हतं. भाऊंनीच रक्त घेतलं. नेहमीसारखे गप्प बसले. वहिनी म्हणाल्या, "अवो, बायकोचा हात इतका वेळ चारचौघांत धरतात काय?" भाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तासाभरानं ते वॉर्डात आले ते माझ्याकडे न बघता. कागद चार घड्या करून माझ्या हातात दिला.

"कुणाचा?" मी विचारलं.

"चार नंबर," भाऊ म्हणाले.

सोळा वर्षांत त्यांनी मला खाटेचा नंबर सांगितलेला तो एकदाच. मी घडी उलगडली, आकडा बघितला आणि डॉक्टरांना हाक मारली.

त्या वेळी सगळं झटपट झालं. अडवायला कुणी नव्हतं. गाडी दारात, डॉक्टर स्वतः बरोबर, कल्याणहून मुलगी निघालेली. दुपारच्या आत वहिनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात होत्या. भाऊंनी इतकी वर्षं ज्यासाठी धडपड केली ते सगळं त्यांच्या वाट्याला आलं. वेळेत कळलं, वेळेत पोचले, तिथं यंत्रं, हृदयाचे डॉक्टर, चोवीस तास माणसं. गाडीत बसताना भाऊ मला म्हणाले, "ती पोचते, सिस्टर." मी म्हटलं, "पोचणारच." आम्हा दोघांचाही त्यावर विश्वास होता.

अकरा दिवस त्या तिथं होत्या. रोज सकाळी भाऊंचा मला फोन यायचा. तिथं रोज रक्त घ्यायचे आणि भाऊ रोज आकडा विचारून घ्यायचे. दोन दिवस उतरला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येईना इतका मोकळा झाला होता. पाचव्या दिवशी पुन्हा चढला. मग हृदयावर ताण आला की वाढणारं दुसरं एक द्रव्य असतं, त्याचाही आकडा यायला लागला. सातव्या-आठव्या दिवशी वहिनी शुद्धीत होत्या. भाऊंच्या हातातलं कागदाचं चिटोरं बघून म्हणाल्या, "अवो, रोज रोज काय ते विचारून येता? माझ्याकडं बघा की जरा." त्यानंतर भाऊंनी आकडा विचारला नाही. अकराव्या दिवशी फोन मुलीचा आला.

वहिनींच्या पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे त्यांच्या वाडीला गेलो. पंचशील झालं. बौद्धाचार्य अनित्यतेवर बोलले, साधं आणि चांगलं बोलले. भाऊ माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर हात उपडे. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, मला वाटायचं आपल्याकडं काय नाय म्हनून मानसं जातात. तिथं सगळं होतं."

वेळेत पोचलेली माणसं वाचतातही, हे मला माहीत आहे. भाऊंनाही माहीत होतं, ते पापडवाले मास्तर जिवंत होते. पण त्या भिंतीशी बसलेल्या माणसाला ते सांगून काही उपयोग नव्हता.

चौथ्या आठवड्यात ते कामावर आले. रक्त तसंच हलक्या हातानं काढायचे. पण नाव विचारणं बंद झालं. नळीवर नंबर असला की पुरे. सकाळी वॉर्डाच्या दारात येणं थांबलं. रिपोर्ट शिपायाच्या हाती यायचा. काळीज पाझरतंय असं म्हणणं गेलं, आणि 'आत्तापुरतं'ही गेलं. कुणी "नॉर्मल आहे ना?" म्हणून विचारलं की कागद पुढे करून म्हणायचे, "डॉक्टरांना दाखवा." पायरीवर बसायचे तेव्हा हात नुसते गुडघ्यांवर असायचे. मी एकदा मुद्दाम डोळखांबच्या एका म्हातारीचं रक्त घेऊन गेले आणि तिचं नाव, पाडा, सगळं न विचारता सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नका सांगू, सिस्टर. नाव कळलं की ते मानूस होतं."

निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमाला शाल घेतली, नमस्कार केला, भाषण केलं नाही. क्वार्टर सोडून वाडीला राहायला गेले. मुलगी कल्याणला बोलवत होती, गेले नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या मुलीची हळद होती, त्यासाठी मी धसईला गेले होते. बाजाराचा दिवस. एसटीच्या थांब्यावर भाजीच्या पाट्या घेऊन बायका बसलेल्या, त्यांच्या कडेला सिमेंटच्या बाकावर भाऊ. गळ्याची गुंडी लावलेली. मी जवळ जाऊन, "भाऊ!" म्हटलं तेव्हा ते उठायला गेले आणि अर्ध्यात बसले.

"बसा, बसा. कुठं निघालात?"

"मुरबाडला. चष्म्याची काडी मोडली." एवढं बोलून त्यांनी श्वास घेतला, मग पुढचं. "तुमी... बऱ्या आहात ना?"

सोळा वर्षं ज्या माणसाबरोबर काम केलं त्याच्याकडे मी परिचारिका म्हणून बघायचं नाही असं ठरवलं, पण डोळे आधीच खाली गेले होते. चपलेचे बंद कापून दोऱ्यानं सैल बांधले होते, तरी पाय त्यांतून फुगून वर आलेले. काळीज थकलं की पाणी असं पायांत साचतं आणि आडवं पडलं की दम लागतो.

"किती दिवस झाले हे?"

"झाले असतील दोन महिने."

"झोपताना?"

"उश्या लागतात दोन. परवापासून तीन."

"भाऊ, माझ्याबरोबर चला. आत्ता. गाडी करते मी. एक सुई, बाकी काही नाही."

ते हसले. जुनं हसू नव्हतं, पण हसले. "तुमाला दिसलं ना? मंग सुई कशाला?"

"औषधं आहेत. पाणी उतरतं. तुम्हाला माहितीय उतरतं ते."

"उतरतं," ते म्हणाले. "चढतं पन."

"मुलीला कळवलंय?"

"तिला फोन करू नका, सिस्टर. ती येईल. रोज विचारील किती आलं म्हनून." मग म्हणाले, "मी विचारायचो तसं."

मी त्यांच्या पायाशी बसले. बाजारातल्या बायका बघत होत्या. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर मी अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला, पेराएवढा खोल. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. तो भरून येईना. मुरबाडची गाडी वळणावरून आली, माणसं उठली, पाट्या डोक्यावर गेल्या, तरी तो तसाच होता. भाऊंनी वाकून पँटचा पाय खाली ओढला, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि गाडीच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून थांबले. मागून कुणीतरी ओरडलं, "चला ओ, चढा लवकर!" ते मान न वळवता दम जमवत तिथंच उभे राहिले, आणि मग दुसरा पाय हातानं उचलून वर घेतला.